मालमत्तेची अदलाबदल आणि पुढे ढकललेला कर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक भारतीय व्यापारी कुटुंबांनी दुकानातील आणि नोकरीतील बचत हळूहळू जमिनीत व इमारतींत गुंतवली. कोणी भाड्याची दोन-चार घरे घेतली, कोणी लहानसे मॉटेल, कोणी बाजारातील गाळ्यांची ओळ. ही खरेदी करणारी पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. जुन्या इमारतीची देखभाल होत नाही, भाडेकरूंचे फोन घेण्याचा उत्साह उरलेला नाही, आणि मुले दुसऱ्या राज्यात राहतात. अशा वेळी घरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो : ही इमारत विकून दुसरी, सांभाळायला सोपी अशी मालमत्ता घेतली, तर मध्ये कर किती जाईल?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या आयकर कायद्यातील कलम १०३१ मध्ये आहे. भाड्यासाठी, व्यवसायासाठी किंवा गुंतवणूक म्हणून धारण केलेली स्थावर मालमत्ता देऊन त्याच प्रकारच्या उपयोगासाठी दुसरी स्थावर मालमत्ता घेतली, तर त्या व्यवहारातील नफ्यावर तूर्त कर आकारला जात नाही. तो नफा नव्या मालमत्तेच्या अंगावर चढून पुढे जातो. येथे करमाफी नाही, मुदतवाढ आहे. हा फरक विसरल्यामुळे पुढचे बरेच घोटाळे होतात.

तरतुदीचे मूळ

ही कल्पना १९२१ च्या अमेरिकी महसूल कायद्यापासून चालत आली आहे. तिच्यामागील विचार व्यापाऱ्याला लगेच पटण्यासारखा आहे. एका शेतकऱ्याने आपले शेत देऊन दुसरे शेत घेतले, तर त्याच्या गाठीला रोख काहीच आले नाही. त्याचे भांडवल जमिनीतच होते आणि जमिनीतच राहिले. हाती पैसा नसताना कर मागितला, तर तो भरण्यासाठी नवे शेत विकावे लागेल.

प्रत्यक्षात मात्र आपल्याला हवी ती मालमत्ता ज्याच्याकडे आहे, त्यालाच आपली मालमत्ता हवी असते, असा योग क्वचित जुळतो. म्हणून विक्री आज आणि खरेदी काही काळाने, अशी पद्धत रूढ होऊ लागली. ओरेगॉन राज्यातील टी. जे. स्टार्कर यांनी १९६७ मध्ये आपली वनजमीन क्राउन झेलरबाख या कागद कंपनीला दिली. मोबदल्यात कंपनीने पाच वर्षांच्या आत त्यांच्या पसंतीच्या मालमत्ता घेऊन देण्याचे वचन दिले. हा वाद न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने अशी विलंबित अदलाबदलही मुख्यतः ग्राह्य धरली. त्यानंतर १९८४ मध्ये कायदेमंडळाने तिला कडक मुदती घातल्या आणि १९९१ च्या नियमांनी मध्यस्थाची पद्धत निश्चित केली. पूर्वी यंत्रे, वाहने, कलाकृती यांच्या अदलाबदलीलाही ही सवलत मिळे. १ जानेवारी २०१८ पासून ती केवळ स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे.

आकड्यांतून पाहिले तर

समजा, एका दांपत्याने वीस वर्षांपूर्वी भाड्याने देण्याची एक निवासी इमारत ४,००,००० डॉलरना घेतली. त्यांतील १,२५,००० डॉलर जमिनीचे आणि २,७५,००० इमारतीचे. निवासी भाड्याच्या इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागला जातो, म्हणजे दर वर्षी १०,००० डॉलर. वीस वर्षांत २,००,००० डॉलरचा घसारा भाड्याच्या उत्पन्नातून वजा झाला, आणि करासाठी धरली जाणारी किंमत २,००,००० डॉलरवर आली. आता खर्च वजा जाता १०,००,००० डॉलर पदरात पडणार असतील, तर नफा ६,००,००० नव्हे, ८,००,००० डॉलर होतो. घसाऱ्यामुळे वाढलेला हा दोन लाखांचा भाग अनेकांच्या हिशेबात सुटतो.

वरचे दर धरले, तर घसाऱ्याच्या दोन लाखांवर २५ टक्क्यांनी ५०,०००, उरलेल्या सहा लाखांवर २० टक्क्यांनी १,२०,००० आणि पूर्ण नफ्यावर गुंतवणुकीच्या निव्वळ उत्पन्नाचा ३.८ टक्के कर ३०,४००, अशी बेरीज २,००,४०० डॉलर होते. राज्याचा कर निराळा. उत्पन्न कमी असल्यास दर उतरतात, पण विक्रीच्या वर्षी नफ्यामुळेच उत्पन्न वर जाते.

याच दांपत्याने कलम १०३१ प्रमाणे १२,००,००० डॉलरची दुसरी इमारत घेतली, तर आज कर शून्य. परंतु नव्या इमारतीची करासाठीची किंमत १२,००,००० धरली जात नाही. जुने २,००,००० आणि नव्याने घातलेले २,००,००० मिळून ती ४,००,००० ठरते. आठ लाखांचा नफा नव्या इमारतीत दडून बसलेला असतो. ती पुढे साध्या पद्धतीने विकली, की तो बाहेर येतो.

कर पूर्णपणे पुढे ढकलायचा असेल, तर नवी मालमत्ता निव्वळ विक्री किमतीइतकी किंवा तिच्याहून अधिक किमतीची हवी आणि हाती आलेली सगळी रक्कम तिच्यात जायला हवी. वरील उदाहरणात नऊ लाखांचीच इमारत घेऊन एक लाख रोख ठेवले, तर त्या एक लाखावर कर लागतो. या वरकड रकमेला तेथे ‘बूट’ म्हणतात. तारण कर्जही याच हिशेबात येते. जुन्या इमारतीवर तीन लाखांचे कर्ज होते, ते फिटले आणि नव्या इमारतीवर कर्जच घेतले नाही, तर तेवढी रक्कम खिशातून घालावी लागते. नाही तर कर्जातून झालेली सुटकाही प्राप्तीच मानली जाते.

कोणती मालमत्ता चालते

‘त्याच प्रकारची’ या शब्दांचा अर्थ अमेरिकेत बराच व्यापक आहे. मोकळी जमीन देऊन गाळे घेता येतात, मॉटेल देऊन गोदाम घेता येते, भाड्याचे घर देऊन शेतजमीनही घेता येते. पाहिला जातो तो धारण करण्याचा हेतू. स्वतः राहण्याचे घर या सवलतीत बसत नाही. त्याच्या नफ्यासाठी एकट्याला २,५०,००० आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नीला ५,००,००० डॉलरपर्यंतची वेगळी सूट आहे. घरे घेऊन, दुरुस्त करून लगेच विकणाऱ्यालाही हे कलम लागू पडत नाही, कारण ती घरे त्याचा विक्रीचा माल ठरतात. दुकानातील माल आणि दुकानाची इमारत यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पंचेचाळीस आणि एकशे ऐंशी

सर्वांत जास्त व्यवहार फसतात ते मुदतीत. जुनी मालमत्ता खरेदीदाराच्या नावावर झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत नव्या मालमत्तेची निश्चिती लेखी कळवावी लागते, आणि १८० दिवसांच्या आत ती ताब्यात घ्यावी लागते. दोन्ही मुदती एकाच दिवसापासून मोजतात. ४५ संपल्यावर १८० सुरू होत नाहीत. शनिवार, रविवार आणि सणाचे दिवसही त्यांत धरले जातात. निश्चितीच्या पत्रात किमतीची मर्यादा न पाळता तीन मालमत्तांची नावे देता येतात. तीनहून अधिक द्यायची असतील, तर त्यांची एकूण किंमत विकलेल्या मालमत्तेच्या दुपटीहून अधिक असू नये, किंवा निश्चित केलेल्यांपैकी किमतीने ९५ टक्के मालमत्ता प्रत्यक्ष घ्याव्यात.

आणखी एक बारकावा आहे. १८० दिवस किंवा त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची मुदत, यांत जे आधी येईल ते बंधनकारक. १ नोव्हेंबर २०२४ रोजी विक्री झाली असेल, तर निश्चितीची मुदत १६ डिसेंबरला आणि १८० वा दिवस ३० एप्रिल २०२५ रोजी येतो. विवरणपत्राची तारीख मात्र १५ एप्रिल. मुदतवाढीचा अर्ज न करता विवरणपत्र भरले, तर शेवटचे पंधरा दिवस हातचे जातात. वर्षअखेरीस विकणाऱ्याने म्हणूनच मुदतवाढ घ्यावी आणि ‘फॉर्म ८८२४’ जोडून व्यवहार नोंदवावा.

पैसा कोणाच्या हाती

विक्रीची रक्कम क्षणभरही विकणाऱ्याच्या खात्यात आली, किंवा ती केव्हाही उचलण्याचा त्याला अधिकार मिळाला, तर अदलाबदल मोडते. ती रक्कम मध्यस्थाकडे राहावी लागते, आणि त्याच्याशी करार जुन्या मालमत्तेचा व्यवहार पुरा होण्याआधी व्हावा लागतो. गेल्या दोन वर्षांत ज्याने त्या कुटुंबाचा लेखापाल, वकील, दलाल किंवा नोकर म्हणून काम केले, त्याला मध्यस्थ होता येत नाही. मुलगा, भाऊ किंवा बहीण यांनाही नाही. ‘आपला माणूस आहे, पैसे त्याच्याकडे ठेवू’ ही बाजारातील जुनी रीत येथे महागात पडते.

मध्यस्थ निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. नोव्हेंबर २००८ मध्ये लँडअमेरिका १०३१ एक्स्चेंज सर्व्हिसेस या मोठ्या मध्यस्थ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांचा पैसा ज्या रोख्यांत गुंतवला होता, त्यांना बाजारात गिऱ्हाईक उरले नव्हते. अनेकांची रक्कम अडकली आणि त्यांच्या मुदती उलटून गेल्या. म्हणून रक्कम प्रत्येक ग्राहकाच्या स्वतंत्र खात्यात राहील का, ती काढण्यास दोघांच्या सह्या लागतील का, मध्यस्थाचा विमा किती आहे, हे लेखी घ्यावे. मध्यस्थाचे शुल्क दोन पैसे कमी आहे, एवढ्यावर निवड करू नये.

भावाभावांची मालमत्ता

व्यापारी कुटुंबांत मालमत्ता क्वचितच एकाच्या नावावर असते. दोन भावांनी मिळून एक एलएलसी स्थापन केलेली असते आणि इमारत तिच्या नावावर असते. अशा वेळी अदलाबदल करणारी ती एलएलसी असते, भाऊ नव्हेत. जिने दिली, तिनेच घ्यावी, असा दंडक आहे. भागीदारीतील हिस्सा ही कायद्याच्या दृष्टीने स्थावर मालमत्ता नाही, म्हणून एका भावाला आपला हिस्सा तेवढा बदलून घेता येत नाही.

अडचण उभी राहते ती मने दोन दिशांना असली की. एकाला मुलाच्या धंद्यासाठी रोख हवी असते, दुसऱ्याला कर पुढे ढकलायचा असतो. यावर एक मार्ग आहे : विक्रीच्या पुरेशा आधी इमारत दोघांच्या नावे अविभक्त हिश्श्यांनी थेट करून घ्यायची. मग प्रत्येकाला आपल्या हिश्श्यापुरता वेगळा निर्णय घेता येतो. मात्र खरेदीदाराशी करार झाल्यावर घाईने केलेली वाटणी करखात्याच्या डोळ्यांत भरते. विक्रीचा विषय निघण्यापूर्वीच भावांनी बसून एकमेकांची गरज समजून घेतली, तर कर वाचतो आणि वितुष्टही टळते.

आपसांत अदलाबदल करणाऱ्यांसाठी आणखी एक बंधन आहे. भाऊ, बहीण, पती-पत्नी, आईवडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे किंवा निम्म्याहून अधिक मालकीची कंपनी यांच्याशी व्यवहार केल्यास दोघांनीही मिळालेली मालमत्ता दोन वर्षे धारण करावी लागते. आधी विकली, तर थांबवलेला कर अंगावर येतो.

देणे केव्हा, हाच मोठा निर्णय

या साऱ्या विषयाचा कणा वारशात आहे. अमेरिकी कायद्यात मालक हयात असेपर्यंत दडलेला नफा त्याच्याबरोबर चालतो. त्याच्या मृत्यूनंतर मात्र वारसांसाठी मालमत्तेची किंमत मृत्युदिनीच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते. वरील उदाहरणातील दांपत्याने इमारत अखेरपर्यंत ठेवली, तर आठ लाखांच्या नफ्यावरचा आयकर वारसांना भरावाच लागत नाही.

आपल्याकडील अनेक घरांत मात्र वडीलधाऱ्यांची इच्छा वेगळी असते. हातपाय चालतात तोवर सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे व्हावे, मागे तंटा राहू नये, ही भावना स्वाभाविक आणि आदरणीय आहे. परंतु हयातीत बक्षीस दिलेल्या मालमत्तेला वडिलांचीच जुनी किंमत चिकटून राहते. प्रेमाने दिलेल्या बक्षीसपत्राबरोबर आठ लाखांचा करपात्र नफाही मुलाच्या हाती जातो. तंटा टाळण्यासाठी मृत्युपत्र किंवा विश्वस्तपत्र करता येते. त्याने हेतूही साधतो आणि वारसांचा लाभही बुडत नाही. आईवडील भारतात राहणारे असून अमेरिकेतील मालमत्ता त्यांच्या नावे असेल, तर तेथील वारसा कराची सूट केवळ ६०,००० डॉलरपर्यंत आहे, हेही आधी पाहावे.

भारतातील स्थिती

भारतातील वाचकाला वाटेल, आपणही गाळा देऊन गाळा घ्यावा. येथे कायदा वेगळा आहे. भारतीय आयकर कायद्यात विनिमय हेही हस्तांतरणच मानले जाते. भाड्याने दिलेला गाळा देऊन दुसरा गाळा घेतला, तरी पहिल्यावरील भांडवली नफा करपात्र होतो. जमीन व इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेबाबत निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबाला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांनी हिशेब करून कमी येईल तेवढा कर भरता येतो.

सवलतीच्या वाटा आहेत, पण त्या मुख्यतः घराकडे वळतात. घर विकून घर घेतल्यास १९६१ च्या कायद्यातील कलम ५४, आणि गाळा किंवा भूखंड विकून पूर्ण निव्वळ रक्कम घरात घातल्यास कलम ५४एफ. खरेदी विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत, बांधकाम तीन वर्षांत, आणि घर भारतातच हवे. दोन्ही सवलतींना १० कोटी रुपयांची मर्यादा आहे. ५४एफ साठी विक्रीच्या वेळी दुसरी दोन घरे नावावर असता कामा नयेत. कलम ५४ईसी खाली सहा महिन्यांत मान्य रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येते. ते पाच वर्षे अडकतात. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे जुने कागद चाळताना लक्षात ठेवावे. स्वतःच्या व्यवसायात वापरलेल्या आणि घसारा घेतलेल्या इमारतीला मात्र एक निराळी सोय आहे. त्याच आर्थिक वर्षात त्याच गटातील दुसरी इमारत घेऊन वापरात आणली, तर इमारतीच्या किमतीपुरता नफा त्या गटात जिरू शकतो.

वारशाच्या बाबतीतही दोन्ही देशांची वाट वेगळी होते. भारतात बक्षीस असो वा वारसा, पूर्वीच्या मालकाचीच किंमत पुढे चालते. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेस त्या दिवसाचे मूल्य घेण्याची मुभा आहे.

दोन देशांत पाय असलेल्यांसाठी

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक मुलाला जगभरातील उत्पन्नावर तेथे कर द्यावा लागतो. त्याने पुण्यातील भाड्याचा फ्लॅट विकून भारतात सवलत घेतली, तर भारतातील कर वाचतो, पण अमेरिकेतील वाचत नाही. भारतात कर भरलाच नसल्याने त्याचे श्रेयही तेथे मिळत नाही. भारतातील मालमत्ता देऊन अमेरिकेतील घेतली, तर ती ‘त्याच प्रकारची’ मानली जात नाही. याउलट, भारतात राहणाऱ्या गृहस्थाने अमेरिकेतील मालमत्तेची कलम १०३१ खाली अदलाबदल केली, तर तेथे कर पुढे जातो, परंतु भारतात तो त्याच वर्षी लागू शकतो.

वडिलांकडून वारशाने भारतातील गाळा मिळालेल्या अमेरिकावासी मुलाने त्या तारखेचे मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून ठेवावे. भारतात त्याला वडिलांची जुनी किंमत धरावी लागेल. अमेरिकेच्या विवरणपत्रात सामान्यतः मृत्युदिनीची किंमत धरता येईल. दहा वर्षांनी असा कागद शोधणे कठीण जाते.

विक्रीचा विचार निघाला, की पहिली भेट दलालाची नव्हे, करसल्लागाराची घ्यावी. खरेदीच्या वेळचे कागद, प्रत्येक वर्षाचा घसारा, दुरुस्तीची बिले आणि कर्जाची शिल्लक एका फाइलीत लावावी. नवी मालमत्ता शोधण्यास जुनी विकण्यापूर्वीच आरंभ करावा. ४५ दिवसांच्या धास्तीने घेतलेली वाईट इमारत वाचवलेल्या कराहून अधिक नुकसान करते. कर भरूनही हाती पुरेसे उरत असेल आणि आईवडिलांना उतारवयात निवांतपणा हवा असेल, तर कर भरून मोकळे होणे हाही एक सुज्ञ व्यवहार आहे. तो निर्णय त्यांना विचारून, त्यांच्या देखत व्हावा.